बारदानासकट

एकवीस वर्षं मी पेडण्याच्या सोसायटीत काजू तोलते.
पोतं काट्यावर चढतं, सुई थरथरते, थांबते,
मी बारदानाचे सातशे ग्रॅम वजा करते
आणि निव्वळ वजन पावतीवर लिहिते.
विकणाऱ्याला ते सातशे ग्रॅम नेहमीच जास्त वाटतात.

माझं वजन मी त्याच काट्यावर करते,
दुपारी, हमाल जेवायला गेले की.
डॉक्टरांच्या काट्याची सुई माझ्याखाली
एक पूर्ण फेरी मारून शून्याजवळ येते,
जणू मी आत्ताच जन्मले.

एकशे अकरा.
चपला काढल्या तर एकशे दहा आणि थोडं.

केरीच्या सड्यावर पहिल्यांदा गेले ती भाच्याबरोबर.
तो उडाला. मी जांभ्यावर बसून
त्याचं पाकीट, मोबाइल, घामाने भिजलेली टोपी सांभाळली.
सामान सांभाळायला मलाच सांगतात सगळे.
त्यांना वाटतं, ही काही कुठे उडून जात नाही.

पुढच्या रविवारी एकटीच गेले.
एल्विटोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही,
समुद्राकडे पाहिलं. "किती किलो?"
नव्वद अगदी ओठावर आलं होतं.
पण खोटा आकडा मी आजवर कुणाला दिलेला नाही.
"एकशे अकरा," म्हटलं, "बारदानासकट."

"मोठा पंख लागेल. मोठा हार्नेस.
आणि जास्त वारा. थांबावं लागेल."

थांबणं मला येतं.
हार्नेस हिमाचलातून यायला दीड महिना लागला.
तोवर खाली वाळूत पंख उभा करायला शिकले.
वारा आला की बारीक पोरं फरफटत जायची
सुरूच्या झाडांपर्यंत, तोंडात वाळू घेऊन.
मी तिथेच.
"पळय, पळय," एल्विटो त्यांना म्हणाला, "अशें उबें रावचें."
माझ्या उभं राहण्याचं
याआधी कुणी कौतुक केलं नव्हतं.

आणखी एक सांगितलं त्याने, चहा पिताना, सहज:
जड माणूस लवकर पडतो, हे खोटं.
एकाच पंखाखाली जडाला आणि हलक्याला उतार तोच.
जड फक्त जोरात जातो.
घरी हे कुणाला बोलले नाही.
कुंदावहिनी भात वाढताना माझ्या ताटाशी डाव आखडती घेते,
तेव्हा मनात म्हणून बघते: उतार तोच.

मार्चातला रविवार, चारचा वारा.
"बाई, धांवचें पडटलें."
शेवटची धावले सातवीत, शाळेच्या मैदानावर.
सगळी रांग हसत होती, बाईसुद्धा.
आज अकरा पावलं. उजवा गुडघा प्रत्येक पावलाला बोलला.
बाराव्या पावलाला जमीन नव्हती.
पाय तरी धावतच होते, वेड्यासारखे.

हलकं वाटलं का, विचारतात.
नाही.
वजन होतंच, पूर्ण, एक ग्रॅम वजा न करता,
पट्ट्यांत बसलेलं, दोऱ्या ताणून धरणारं.
ते नसतं तर वरचं एवढं कापड
चुरगळून खडकावर पडलं असतं.

तेरेखोलची फेरी अर्ध्या नदीत होती.
एक घार माझ्या खालून गेली, तिच्या पाठीचा तांबूस रंग दिसला.
पाण्यावर पंखाची सावली, आणि तिच्याखाली
मी, मोहरीएवढी.
कानाशी रेडिओ: "दावें, दावें, बाई, दावें!"
मी उजवीकडे वळले होते.

पायांवर उतरायचं असतं. मी बसून उतरले.
वाळूत हा मोठा खळगा पडला,
त्यात लगेच पाणी झिरपू लागलं.

रापणीची माणसं दोर सोडून बघत उभी.
त्यांतली एक म्हातारी जवळ आली,
पंखाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं,
साडीचं पाहतात तसं.
"कितले घेतात गो?"
"माणशी घेतात," मी म्हटलं. "किलोवर नाही."
तिने मला नीट पाहिलं, मनात हिशेब केला.
"मगे तुका परवडलां."